मान डोलावणारा राजा

एका राज्यात राजाने प्रश्न विचारणे हा अपशकुन मानला जाई. प्रधान म्हणे, "सर्व कुशल." राजा मान डोलावी. एके काळी छप्पन्न देशांत या सिंहासनाची आण चाले. पुढे एका मांत्रिकाचा शाप पडला. दरबारात जो संकटाची वार्ता सांगे, तो पावलांपासून वर पाषाण होत जाई. मग सांगणार कोण? कालवे गाळाने बुजले, सैनिकांनी भाकरीसाठी ढाली विकल्या, एकेक देश निसटला. सिंहासनापुढे पाषाणांची रांग तेवढी वाढली. त्या रांगेत सेनापती भैरवसेनही होते.

त्यांची कन्या शर्वाणी दूरदेशीच्या गुरुकुलातून परतली, तो पित्याचा हात थंडगार. शाप तुटल्याखेरीज त्या हातात ऊब येणार नव्हती.

दरबाराच्या खांबावरची मैना म्हणाली, "पोरी, तीन सत्ये सांगावी लागतील. पहिल्यालाच सगळ्यांची वाचा बसते."

"माझी बसणार नाही."

"शूर आहेस की खुळी गं?"

"ते मागाहून ठरव."

ती राजा मणिध्वजापुढे उभी ठाकली. "महाराज, कालवे कोरडे आहेत."

तिची पावले दगड झाली. राजाने मान डोलावली.

प्रधान म्हणाला, "पुरे झाले, बाळ. घरी जा."

"पावलेच उरली नाहीत, प्रधानजी. जाऊ कशी?" तिने राजाकडे पाहिले. "महाराज, सैन्य उपाशी आहे."

दगड छातीपर्यंत चढला. श्वास जड झाला. राजाने पुन्हा मान डोलावली.

"साम्राज्य शत्रूने बुडवले नाही, महाराज. तुमच्या या मान डोलावण्याने बुडवले. आताही डोलावा!"

दगड हनुवटीला भिडला. राजाची मान हलू लागली आणि मध्येच थबकली.

"मग आता... काय करावे?"

"महाराज, प्रश्न!" प्रधान किंचाळला.

पण पाषाण तडकू लागले होते. भैरवसेन खोकले, अंगावरची धूळ झटकून त्यांनी लेकीचा हात धरला.

मैना म्हणाली, "राजाने विचारले, शाप तुटला. शाप होता न विचारणाऱ्याला. भोगला सांगणाऱ्यांनी."

राजा गहिवरला. "शर्वाणी, छप्पन्न देश परत जिंकू!"

"नाही, महाराज. ते देश आता त्यांचे त्यांचे. उरले आहे त्याचे कालवे उपसू. पहिली कुदळ तुमची."

राजाने मुकुट उतरवला, अंगरखा खोचला आणि तो पायऱ्या उतरला. गाळाची पहिली पाटी प्रधानाच्या डोक्यावर आली.

त्या राज्याच्या शेतांत पाणी पोहोचले. ऐकणाऱ्यांच्याही शेतांत पोहोचो.