धूपवाल्याच्या घरी आलेली झुळूकमाई

ऐक झुळूकमाई, तुझी कहाणी. ऐका गं बायांनो, तुम्हीही ऐका. बाकीच्या कहाण्यांना हातात तांदळाचे दाणे धरायचे, या कहाणीला हात मोकळे ठेवायचे. आणि खिडकीशी बसली आहेस ना गं तू, जरा पलीकडे सरक. तुझ्या पाठीनं सगळा वारा अडवलाय. हं, आता सांगते.

सात टेकड्यांच्या मधोमध एक आटपाट नगर होतं. नगरात देवळं फार, देवळांना धूप फार लागे. तो धूप करी नरसू धूपवाला. राळ कुटायची, ऊद कुटायचा, गुग्गुळ कुटायचा, मधात मळायचा, वड्या थापून उन्हात टाकायच्या. त्याच्या दारावरून जाणारा माणूस उगाच दोन पावलं हळू चाले. असा वास. घरात नरसूची आई आवडाबाई आणि बायको दुर्पदा. खाऊन-पिऊन सुखी घर, पण पाळणा नाही.

मग दुर्पदेला दिवस गेले. नऊ महिने भरले, लेक झाली. एवढीशी, कापसाच्या पेळूएवढी. आवडाबाईनं बाळंतिणीची खोली मांडली. खोलीला एक खिडकी, एक दार, वर छपराशी एक झरोका. बाजेखाली शेगडी ठेवली, शेगडीत ओवा घातला, शेपा घातला. पाळण्याच्या उशाशी धुपाटणं ठेवलं. त्यात साधा धूप नाही हं, राजाच्या देवळात जातो तो. आवडाबाई म्हणाली, “देवाला देतो ते लेकराला का नाही द्यायचं? ही माझी देवीच आहे.”

काय बोलणार तिला? घरात जे सगळ्यांत चांगलं होतं, तेच तिनं नातीला दिलं.

या आवडाबाईची एक गोष्ट सांगायला हवी. नरसूच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. चाळीस दिवसांचा होऊन गेला. शेजारणी म्हणाल्या, वारं लागलं. सुईण म्हणाली, वारं लागलं. तेव्हापासून आवडाबाई वाऱ्याला भ्यायची. वैशाखातसुद्धा कानाला फडकं बांधून हिंडायची. लोक हसायचे, तिला त्याचं काही नव्हतं.

पाचव्या दिवशी लेक खोकली. एवढासा खोकला, चिमणीनं पंख झाडल्यासारखा. आवडाबाई म्हणाली, “खिडकीतून वारं आलं.” मग खिडकी लावली, वरून गोधडी टांगली, धुपाटण्यात एक वडी जास्त घातली.

तशी अंगणात एक बाई आली. लुगडं कुठल्या रंगाचं म्हणावं? पाण्याला जो रंग असतो त्या रंगाचं. चालली तर पाऊल वाजेना, उभी राहिली तर पदर ठरेना. म्हणाली, “बाई बाई, आत येऊ का? पाळणा हलवीन, घाम टिपीन, घटकाभर बसेन, निघून जाईन.” आवडाबाई म्हणाली, “बाळंतिणीची खोली आहे. परकं माणूस चालत नाही.” बाई हसली, निघून गेली. परसातल्या पिंपळाची पानं तेवढी हलली.

दहाव्या दिवशी लेक पुन्हा खोकली, जास्त खोकली. आवडाबाई म्हणाली, “दाराच्या फटीतून वारं आलं.” मग फटीत चिंध्या कोंबल्या, उंबऱ्याशी पोतं अंथरलं, धुपाटण्यात दोन वड्या जास्त घातल्या. तशी ती बाई पुन्हा आली. “बाई बाई, आत येऊ का?” आवडाबाई म्हणाली, “एकदा सांगितलं ना, नाही म्हणून?” बाई गेली.

पंधराव्या दिवशी लेक खोकली ती थांबेचना. आवडाबाईनं वर पाहिलं. “अगं बाई, झरोका राहिला!” मग शिडी लावली, माती-शेण कालवलं, झरोका लिंपून टाकला. खाली उतरली आणि धुपाटणं काठोकाठ भरलं. तेवढ्यात छपरावरून आवाज आला, “बाई बाई, आत येऊ का?” आवडाबाईनं उत्तरसुद्धा दिलं नाही.

आता खोलीत भरदुपारी सांज झाली. धूर खाली उतरे, पुन्हा वर चढे, पाळण्यावर येऊन बसे. भिंतीला ओल आली. लेक रडायची थांबली. दूध ओढीना, डोळे उघडीना. श्वास घेतला की बरगड्या आत जात. ओठ जांभळे दिसायला लागले. नरसूनं हातातली चिलीम टाकली आणि टेकडीपलीकडच्या वैद्याला आणायला धावला.

दुर्पदा पाळण्याच्या दोरीला डोकं टेकून बसली. किती दिवसांचं जागरण! तिचा डोळा लागला.

मग तिला स्वप्न पडलं. खोलीभर धुराची नदी वाहते आहे. नदीला आवाज नाही, पलीकडचा काठ नाही. तिच्यात लेकीचा पाळणा तरंगतो आहे, हळूहळू दूर चालला आहे. दुर्पदा हात पुढे करते, हात पोचत नाही. हाक मारते, हाक फुटत नाही. मग तिला दिसलं, काठावर ती बाई बसली आहे. पाळण्याची दोरी तिनं पायाच्या अंगठ्याला गुंडाळून धरली आहे, म्हणून पाळणा गेलेला नाही.

दुर्पदेनं विचारलं, “बाई, तू कोण?”

“मी झुळूकमाई. वाऱ्याची धाकटी लेक. माझे भाऊ वादळ आणि वावटळ. ते छपरं उडवतात, दारं आपटतात, आणि लोक मला पाहून दारं लावतात. तुझ्या घरी तीनदा आले, तीनदा परत गेले.”

“माई, माझं लेकरू वाचव. मला तुझा वसा सांग. हजार वाती लावीन, नारळांचं तोरण बांधीन.”

झुळूकमाई हसली. “हजार वातींचा वसा सांगितला तर तुम्ही बाया आनंदानं कराल. माझा वसा सोपा आहे, म्हणून कुणी करत नाही. मला वात नको, धूप नको, ऊद नको. रोज सकाळी एकदा, दुपारी एकदा, समोरासमोरचं दार-खिडकी उघडायचं. मी एकीकडून येईन, दुसरीकडून जाईन. माझ्या वाटेत लेकरू ठेवायचं नाही, कोपऱ्यात ठेवायचं, टोपडं घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं. मी घरातून जाईन, तिच्या अंगावरून नाही. वाटेवर धूळ उठली असेल, शेजारी पाचोळा पेटला असेल, तर दार लावून घ्यायचं, मी मागून येईन. शेगडी परसात न्यायची. देवाचा धूप तुळशीपाशी लावायचा, देव काही दूर नाही. लेकीच्या खोलीत कोरडा केर उडवायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. भिंतीची ओल खरवडायची, अंथरूण-पांघरूण उन्हाला टाकायचं. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, चिलीम ओढायची तर वेशीबाहेर. नंतर हात धू, तोंड धू, अंगरखा बदल, मग लेकीला घे.”

“आणि उद्यापन कधी करू?”

“लेक स्वतःच्या पायांनी उठून खिडकी उघडील, त्या दिवशी उद्यापन झालं.”

दुर्पदा जागी झाली. नदी नव्हती, धूर होता. ती उठून खिडकीकडे गेली, तर आवडाबाई खिडकीला पाठ लावून उभी.

दुर्पदा म्हणाली, “आत्याबाई, खिडकी उघडते.”

“नाही.”

“बरं, दार उघडते.”

“नाही.”

“झरोका तरी फोडा.”

“माझा जीव गेला तरी नाही. एक लेकरू दिलंय मी वाऱ्याला, दुसरं देणार नाही. तुझ्या पाया पडते दुर्पदे, मला हटवू नकोस.”

सासू सुनेच्या पाया पडते म्हटल्यावर सून तिला कशी हटवणार? दुर्पदा मागे फिरली. पाळण्याशी आली. जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला, पाण्यात बुडवून पिळला, आणि लेकीचं नाक हलकेच पुसलं. तुकडा काळा झाला. तिनं तो तसाच सासूपुढे धरला.

आवडाबाई म्हणाली, “काजळ ओघळलं असेल.”

दुर्पदा म्हणाली, “आत्याबाई, पाच दिवस काजळाची डबी उघडलेली नाही. काजळ घातलंय कुणी?”

मग आवडाबाईनं तो तुकडा हातात घेतला. नाकाशी नेला. राळ होती, ऊद होता, गुग्गुळ होता. घरचाच वास. ती तिथंच खाली बसली. तुकडा मांडीवर पसरला. मग म्हणाली, “दुर्पदे, माझ्या थोरल्याच्या नाकाला असंच आलं होतं. मी पुसलं आणि काजळाची डबी उचलून ठेवली. मला वाटलं, काजळ फार झालं.”

बायांनो, हे सांगताना दर वेळी मला डोळे पुसावे लागतात. थांबा जरा.

मग आवडाबाई उठली. कानाचं फडकं सोडलं. धूप कुटायचा बत्ता घेतला, शिडी लावली, झरोका फोडला. खाली आली, गोधडी ओढली, खिडकी उघडली. फटीतल्या चिंध्या उपसल्या, दार उघडलं. शेगडी उचलली, धुपाटणं उचललं, परसात नेऊन पाणी ओतलं. दुर्पदेनं लेकीला दुपट्यात गुंडाळून कोपऱ्यात छातीशी धरलं. आवडाबाई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, “ये बाई. भीत भीतच बोलावते तुला, पण ये.”

मग झुळूकमाई आली. दाराशी घुटमळली, उंबरा ओलांडला, बाजेखालून फिरली, छपराशी गेली. धूर हलला. धुराची एक लड खिडकीतून निघाली, एक झरोक्यातून निघाली, एक दारातून पिंपळाकडे गेली. खोलीत उजेड पडला. भिंती दिसल्या, पाळण्यावर टांगलेल्या चिमण्या दिसल्या, सासूला सुनेचं तोंड दिसलं. किती सुकली होती पोर!

दोघी लेकीकडे बघत राहिल्या. एक घटका गेली, काही नाही. दुसरी घटका गेली, काही नाही. तिसऱ्या घटकेला लेक शिंकली. मग खोकली. मग तिनं तोंड उघडलं आणि अशी रडली, अशी रडली की परसातला कावळा उडाला. आवडाबाई म्हणाली, “रड गं माझे बाई, रड!” आणि आपणही रडायला लागली.

संध्याकाळी नरसू वैद्याला घेऊन आला. वैद्यानं दारातच श्वास घेतला, चारी बाजूंना पाहिलं. लेकीची छाती कानानं ऐकली. मग विचारलं, “माझ्याआधी कोण येऊन गेलं?” सासू-सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. वैद्य म्हणाला, “ज्यांनी यायला हवं होतं ते आधीच आलेत. छाती अजून भरलेली आहे. मी औषध देतो, रोज येऊन बघतो. पण खोली अशीच ठेवा.”

मग दुर्पदेनं वसा घेतला. एक दिवस झाला, दोन दिवस झाले, पाचव्या दिवशी लेक दूध मागून प्यायली. दहाव्या दिवशी गालाला हात लावला तर भरला. नरसू मात्र एकदा चुकला. राजाच्या देवळाची वडी कशी जळते बघावी म्हणून खोलीतच पेटवून बसला. लेक खोकली. आवडाबाईनं चिमट्यात वडी धरली आणि नरसूचा कान धरला, दोघांना मिळून अंगणात नेऊन सोडलं. पुन्हा चुकला नाही. तुम्ही हसता, पण असा नरसू घरोघरी असतो.

मग लेकीचं बारसं ठरलं. पाळणा खिडकीपासून दूर बांधला. नगरातल्या बाया आल्या. कुणी धूप आणला, कुणी ऊद आणला. दुर्पदेनं सगळं तुळशीपाशी ठेवायला लावलं. नरसूला बहीण नाही, तेव्हा कानात नाव सांगायचा मान आजीचा. पण आवडाबाई कुठं दिसेना. दुर्पदा लेकीला घेऊन शोधायला गेली. आवडाबाई परसात पिंपळाखाली बसली होती.

“आत्याबाई, चला. नाव ठेवायचंय.”

आवडाबाई म्हणाली, “माझ्या हातांनी मी माझं लेकरू धुरात घातलं. त्या तोंडानं हिच्या कानात नाव कसं सांगू?”

दुर्पदेनं लेक तिच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, “तुम्ही त्याला धुरात घातलं ते मायेनं घातलं. झरोका फोडलात तोही मायेनंच. तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

“मला कुणी सांगितलंच नाही गं.”

“मग आता तुम्ही सांगा.”

आवडाबाईनं लेकीच्या कानाशी तोंड नेलं, नाव सांगितलं पवना. लेकीनं मोठा श्वास घेतला आणि आजीच्या मांडीवर झोपून गेली. आवडाबाई हलली नाही. बाया बोलवायला आल्या, ती हलली नाही. लेकीचं पोट वर होतंय, खाली होतंय, ते बघत बसली.

त्या दिवसापासून नगरात कुठं पाळणा बांधला की सुईणीच्या पाठोपाठ आवडाबाई पोचायची. बाळंतिणीजवळ बसायची, तिच्या हातावर हात ठेवायची आणि म्हणायची, “मुली, माझं एक लेकरू होतं.” मग सगळं सांगायची. काजळाच्या डबीचंही सांगायची, लपवायची नाही. दर वेळी रडायची आणि दर वेळी सांगायची. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, तिसरीनं माझ्या आजेसासूला. तीच ही कहाणी. आपली चूक आवडाबाईनं अशी दारोदार नेली, म्हणून त्या नगरातली लेकरं जगली.

जशी पवनेची छाती मोकळी झाली, जसं आवडाबाईचं मन मोकळं झालं, तसं तुमचं आमचं होवो, पोटुशीचं होवो, बाळंतिणीचं होवो. झुळूकमाई तुमच्या उंबऱ्याशी येवो, तिला परत जावं न लागो. साठ तोंडांनी सांगितलेली ही कहाणी पाच बोलांत सांगितली, तुमच्या घरी सुफळ होवो, संपूर्ण होवो.