शेवटावर रुसलेला शिष्य

कीर्तनविद्या शिकणारा एक शिष्य एकदा टीव्हीवरच्या मालिकेवर रुसला, आणि तो रुसवा इतका वाढला की त्याला अन्न गोड लागेना.

मालिका समुद्री चाच्यांची होती. त्यांची म्होरकी एक बाई होती; कुणापुढे मान न तुकवणारी, भर वादळात स्वतः सुकाणू धरणारी. बंदरावरच्या एका काथ्याच्या व्यापाऱ्याकडे हा शिष्य दर शनिवारी संध्याकाळी ती मालिका पाहायला जाई. व्यापारी वयाने वडिलांएवढा, घरात एकटा. चहा तो करी, भजी शिष्य आणी, आणि पुढचा आठवडाभर दोघांना त्या जहाजाचाच विषय पुरे. अशी कित्येक वर्षे गेली. शेवटच्या भागात मात्र त्या बाईने राजाची माफी पत्करली, जहाज विकले आणि टेकडीवरच्या बंगल्यात ती गुलाबांना पाणी घालू लागली. व्यापाऱ्याने समाधानाने डोळे पुसले. "पोचली बिचारी घरी," तो म्हणाला.

शिष्याचे पित्त खवळले. "तुम्ही काथ्या विका, काका. गोष्टीतलं तुम्हाला काय कळतंय," असे बोलून त्याने पायांत चपला सरकवल्या, आणि तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

त्यानंतर त्याला कुठेच चैन पडेना. टाळ हाती घेतला की ताल चुके. पाठांतराला बसला की मन त्या मालिकेचे नवेनवे शेवट रचत राही. देवळात कीर्तनाच्या वेळी व्यापारी ज्या खांबाला टेकून बसे, तिथे आता कुणी नसे. शिष्याची नजर हटकून तिकडेच जाई आणि त्याला अधिकच राग येई. कुणाचा, ते मात्र त्याला सांगता आले नसते.

"मालिकेच्या त्या शेवटापायी माझे इतक्या वर्षांचे शनिवार फुकट गेले, बुवा," तो एकदा गुरूंना म्हणाला. वृद्ध बुवांनी नुसते "हं" केले.

त्याच आठवड्यात बुवांचे कीर्तन होते. पूर्वरंगात त्यांनी एक पद गाऊन त्याचे निरूपण केले आणि उत्तररंगात एका खलाशाच्या आईचे आख्यान लावले. मुलगा गलबतावर गेलेला, आणि ती माउली रोज तिन्हीसांजेला धक्क्यावर कंदील घेऊन उभी. बुवांनी सभेला हसवले, रडवले. अखेर दूरवर एक शीड दिसले, आणि नेमके तिथे बुवा थांबले. आपल्या गळ्यातला हार काढून त्यांनी तो मागे टाळ धरून उभ्या असलेल्या शिष्याच्या गळ्यात घातला. "पुढचं हा सांगेल," एवढे बोलून ते खुशाल श्रोत्यांत जाऊन बसले. भर रंगात आलेले कीर्तन बुवांनी असे सोडून दिलेले गावाने कधी पाहिले नव्हते.

शिष्य गोंधळत पुढे आला. पण मालिकेच्या त्या गुळमुळीत शेवटाचा राग पोटात होताच. त्याने गलबत धक्क्याला लावले, एकेक खलाशी उतरवला, आणि त्यांत मुलगा नव्हता. आईने कंदील विझवला नाही, असे सांगून त्याने आख्यान संपवले आणि घाईघाईने आरती सुरू केली.

आरती झाल्यावर एक म्हातारी कोळीण त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "पोराला घरी आणलं असतंस तर तुझं काय जात होतं रे?" ती म्हणाली. "सगळं कीर्तन वाया घालवलंस."

शिष्य उसळला. "आजी, मघापासून तुम्ही हसत होतात, पदर डोळ्यांना लावत होतात. ते सगळं एवढ्या एका शेवटाने वाया कसं जाईल?"

बोलता बोलताच तो चपापला. म्हातारीची समजूत काही पटली नाही. ती पुटपुटत निघून गेली.

बुवा जवळ आले. "आज एक विसरलास," ते म्हणाले. "पूर्वरंगातलं मूळ पद शेवटी पुन्हा गायचं असतं. तू तडक आरती धरलीस. अरे, आख्यान कुठे थांबवावं, हे ज्याचं त्याचं वेगळं. त्यावर कुरकुर व्हायचीच. तुझा शेवटही काही वाईट नव्हता. पण आख्यान मनासारखं संपो वा न संपो, मूळ पदाकडे परत यावं लागतं. आता सांग, दर शनिवारी तू तिथे कशासाठी जात होतास?"

शिष्य ते शनिवार आठवू लागला. त्याला जहाज आठवेना. भज्यांचा पुडा सोडता सोडता "आज वादळ दाखवणार बघ" असे म्हणणारे काका तेवढे आठवले, आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. व्यापाऱ्याने मान वर केली नाही. "तो शेवट मला आवडला होता," तो म्हणाला. "अजूनही आवडतो."

"मला अजूनही राग येतो," शिष्य म्हणाला. "पण तुम्हाला तसं बोलायला नको होतं मी. काका, पहिल्यापासून पुन्हा बघू या का? भजी आणली आहेत मी."

व्यापाऱ्याने काथ्याची गुंडाळी बाजूला सारून त्याला जागा करून दिली.

"बस," तो म्हणाला. "पण ती सुकाणू धरते ना, तिथे मधे बोलायचं नाही."