हमीदाची क्रियापदं

“पण बाई, हमीदा आहे ना पाठात? तेवढं पुरे नाही का?”

माझ्या शाळेतल्या बाईंना विचारायच्या या प्रश्नाने तीन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिसरीच्या पूरक वाचनाच्या पुस्तकात माझा पाठ येणार होता, ‘चिंचेखाली लपंडाव’. मुलं खेळतात, तेवढ्यात ईदचा शीरखुर्मा घेऊन हमीदा येते, असा. छपाईआधीचा शेवटचा कागद हातात होता. संध्याकाळपर्यंत सही करून पाठवायचा होता. संपादकांनी कडेला लिहिलं होतं, ‘सर्वसमावेशक! छान!’ झोप उडवली ती त्या उद्गारचिन्हांनीच, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणून माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, जुईला घेऊन मी सांगलीहून मिरजेला, शिकलगार बाईंकडे गेले. आठवीत त्यांनी मला मराठीचं व्याकरण शिकवलं होतं. मत विचारायला आले, असं मी म्हणाले. खरं तर शाबासकी हवी होती. आणि ती एका मुसलमान बाईंची हवी होती, म्हणजे मग कुणी काही बोलायला नको... हे तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

बाई मेथी निवडत होत्या. जुई लगेच त्यांना चिकटून बसली आणि पानं खुडायला लागली. बाईंनी चष्मा लावला, पाठ वाचला. पुन्हा वाचला.

“वैजू, हमीदाची क्रियापदं सांग.”

“म्हणजे?”

“विसरलीस? कर्ता काय करतो ते सांगणारा शब्द. सांग.”

मी कागदावर बोट फिरवलं. “येते. डबा देते. हसते...”

“आणि?”

“जाते.”

“आता पाठातल्या निनादची सांग.”

“झाडावर चढतो. चिंचा पाडतो. लपतो. खोटं बोलतो. रुसतो, रडतो, काकांचा मार खातो...” मला धाप लागली.

“हमीदा चिंचा पाडत नाही?”

“चोरीच्या चिंचा आहेत त्या, बाई. तिला पाडायला लावल्या, तर लोक म्हणतील, बघा, चोर कोणाला दाखवलंय.”

“बरं. खोटं?”

“तेही नको वाटलं.”

“रडते तरी का?”

“बिचारी वाटली असती.”

“म्हणून हसते,” बाई म्हणाल्या. “डबा धरून.”

माझं बोट ‘हसते’वरच थांबलं.

“आणि ही आई? निनादची?”

“वाढते. आणि... जेवायला हाका मारते.”

“तू घरी काय करतेस गं?”

‘लिहिते’ म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

“जाऊ दे,” बाई हसल्या. “आईचं नंतर बघू. तिचं नेहमी नंतरच बघतात.”

मला रागच आला. वही तपासून घ्यायला पुढे आलेल्या आणि लाल रेघ मिळालेल्या मुलीला येतो, तसला.

“निदान मी तिला आणलं तरी, बाई! बाकीच्यांच्या पाठात ती नसतेच.”

“खरंय.” बाईंनी मेथीची नवी जुडी सोडली. “याआधी तू माझ्याकडे कधी आली होतीस?”

“गेल्या...” जीभ अडली. “ईदला.”

“त्याच्या आधी?”

“...त्याच्या आधीच्या ईदला.”

“शीरखुर्मा आवडतो तुला,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जुईच्या दातांसाठी मी महिन्यातून दोनदा मिरजेत येते. रिक्षा बाईंच्या गल्लीच्या तोंडावरूनच जाते. एकदा तर सिग्नलला थांबली होती, आणि बाई समोर भाजी घेताना दिसल्या होत्या. मी हाक मारली नाही. उशीर होत होता, असं मी तेव्हा ठरवलं होतं.

आता हे सांगावं, की सांगू नये...

सांगितलं.

बाई मेथी खुडत राहिल्या. जुईने मात्र मान वर करून माझ्याकडे बघितलं.

सहीसाठी काढलेलं पेन मी पर्समध्ये ठेवलं. “बाई, सांगा ना. काय बदलू?”

“मला कुठे गोष्टी लिहिता येतात? मी आपली व्याकरणाची.”

त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, पालथा केला आणि कोरी बाजू जुईपुढे सरकवली.

“जुई, तू सांग बरं. मुलं चिंचेखाली लपंडाव खेळतायत. हमीदा डबा घेऊन आली. डबा दिला. पुढे?”

“नीट विचार करून सांग हं, बेटा,” मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

जुईने बोटांना चिकटलेली मेथीची पानं फ्रॉकला पुसली.

“त्यात काय विचार करायचा?” ती म्हणाली. “जो उशिरा येतो, त्याच्यावर राज्य. आता हमीदावर राज्य!”