बावीस पडदे

“बांधले नाहीस?”

“चिकटवले, चाचा.”

दस्तगीरचाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सतारीच्या दांडीवरून अंगठा फिरवला. पडदे हलले नाहीत. एकही नाही.

शंतनूला वाटलं, झालं, चाचा खूश. मग काय, गडी बोलतच सुटला. हार्मोनियमवाल्यांनी सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले आणि मधले कितीतरी सूर घालवून बसले, म्हणून त्यानं बावीस केले. अगदी सारखे. जागा कॉम्प्युटरवर काढल्या, पुण्याहून लेझरनं कापून आणलेल्या पट्टीनं आखल्या, आणि एकही पडदा केसभर इकडेतिकडे व्हायला नको म्हणून दोऱ्याला सुट्टी देऊन सरळ इपॉक्सी.

रविवारी पुण्यात तीनशे लोकांसमोर ही सतार वाजवायची होती. बाकी सगळं तयार. दांडीवर फक्त चाचांचा शिक्का हवा होता. मिरजेच्या या दुकानात दोन वर्षं भोपळे तासले होते ते काय उगाच?

पण तो शिक्का एकाच अटीवर बसायचा. वाद्य तंबोऱ्याशी जुळलं पाहिजे.

चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला. छेडला.

“गंधार दे.”

तंबोऱ्यात गंधाराची तार नसते. पण खर्ज नीट लागला की तो आपला आपण बोलायला लागतो, आणि एकदा ऐकू आला की मग ऐकू येतच राहतो. शंतनूनं सतारीवर गंधार दिला. जरासा उतरलेला निघाला. त्यानं गुपचूप तार खेचली, सूर वर चढला, मिसळून गेला.

“चोर,” चाचा म्हणाले.

“सगळेच खेचतात, चाचा.”

“खरंय. आता पंचम दे.”

पंचम दिला. तंबोऱ्याचा पंचम एकीकडे, सतारीचा एकीकडे, आणि मधे सूर थरथरायला लागला, डगमगत्या टेबलासारखा. सतारीचा चढलेला होता. शंतनूनं लगेच मोबाइल काढून दाखवलं की बघा, हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा हा जेमतेम चौदावा भाग आहे, तीनशे लोकांत कुणाला कळणार?

“तुला कळला?”

शंतनूनं मोबाइल खाली ठेवला.

“का पुण्यात पंचम असाच असतो?”

चाचा छेडत राहिले. शंतनूनं परत पंचम दिला. परत दिला. तार खेचून उपयोग नव्हता, खेचली की सूर वरच जातो, आणि हा तर आधीच वर होता.

चौथ्यांदा त्याचा डावा हात आपसूकच पडद्याला भिडला. खुंट्यांकडे ढकलून सूर उतरवायला. बांधलेले पडदे सरकवायची दोन वर्षांची सवय. त्यानं अंगठ्यानं रेटा दिला. अजून जोरात दिला. नख पांढरंफटक पडलं.

पडदा ढिम्म.

तंबोरा थांबला. चाचा त्या अंगठ्याकडे बघत होते…

शिक्का खणातच राहिला.

शंतनूचे कान तापले. पण उठला नाही तो. म्हणाला, “त्रेपन्न करतो. बावीसमध्ये पंचम बसत नाही, त्रेपन्नमध्ये बसतो. गंधारसुद्धा जवळपास बसतो.”

“एवढे मावायला दांडी घेणार का विजेचा खांब?”

“घेईन खांब.”

“आणि रविवार?”

“कळवतो त्यांना, येत नाही म्हणून.”

त्यानं कोपऱ्यातली पटाशी उचलली, सतार आडवी घेतली आणि पंचमाच्या पडद्याखालचं इपॉक्सी खरवडायला लागला. दगड झालं होतं ते. कपचा निघेना. तरी खरवडत राहिला.

चाचांनी खण उघडला. आतून दोऱ्याचं रीळ काढलं आणि त्याच्या गुडघ्यापाशी ठेवलं.

“त्रेपन्न कर. शंभर कर… पण बांध.”