आधी काय हटवायचं?

रसायनांच्या एका कारखान्यात खांबेटे नावाचे सुरक्षाप्रमुख होते. धोका दिसला की तो आधी मुळासकट हटवायचा, हेल्मेट-हातमोजे सगळ्यात शेवटी, हा त्यांचा रोजचा धडा. पण सकाळच्या बैठकीत ते हाताखालच्यांवर असे काही तुटून पडायचे, की खुर्चीत कुणी स्वस्थ बसत नसे. टाकीला गळती दिसली तरी त्यांना सांगायला कुणाची जीभ रेटत नसे. आता बोला!

आणखी एक अधिकारी नोकरी सोडून गेला, तेव्हा मालक कोठावळे स्वतः बैठकीला आले.

"माणसं टिकत का नाहीत इथं?"

"कातडी पातळ आहे एकेकाची," खांबेटे गुरगुरले. "रोज सांगतो, जरा जाड करा!"

सगळ्यांची चुळबूळ सुरू झाली. नवी सुरक्षा अधिकारी सुनंदा तांडेल हिचीही. तरी ती उठली.

"करू की, साहेब. पण जाड कातडी म्हणजे अंगावर चढवायचे हेल्मेट-हातमोजेच. तुमच्याच धड्याप्रमाणे ते सगळ्यात शेवटी."

"मग आधी काय?" मालकांनी विचारलं.

"आधी धोका हटवायचा," एवढंच बोलून ती खाली बसली.

सगळ्या माना खांबेट्यांकडे वळल्या. त्या सकाळी पहिल्यांदाच चुळबूळ फक्त एका खुर्चीत चालली होती.