तातूचा टोप

भांड्यांना नि वाशांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. तातू परबाच्या माजघरावरचं कौल फुटलं, म्हणून त्याने खाली टोप ठेवला. दर वैशाखात शेजारी आपापली कौलं परतायला चढायचे, तातू मात्र म्हणायचा, "टोप आहे की." चार पावसाळे थेंब झेलून टोप पार आंबून गेला.

एकदा वरचा वासा टोपाला म्हणाला, "बाबा, मी कुजत चाललोय रे."

"मी तर थेंबही सांडू देत नाही."

"म्हणून तर कुणी वर बघत नाही."

मग टोप उरलंसुरलं बळ एकवटून कलंडला. दुपारचा आडवा झालेला तातू अंथरुणासकट भिजला. त्याने टोपाला सणसणीत लाथ घातली.

पोचा आलेला टोप कोपऱ्यात निवांत पडून राहिला. तातू मान वर करून छपराकडे बघत होता.