राघूची डावी बाजू

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध वैद्य राहत असत. काळ जुना, शरीराच्या आतलं दाखवणारी यंत्रं गावात पोचायची होती. वैद्याची बोटं आणि वैद्याचे शब्द, एवढ्यावरच सगळा कारभार चाले. त्या शब्दांना काय वजन होतं म्हणून सांगू! आठवलं की अजून हळहळ वाटते.

त्यांच्यापाशी एक शिष्य शिकत होता. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. ऊर्ध्व म्हणजे डोक्याकडचं, अधर म्हणजे पायांकडचं, धडाजवळचं ते समीप, बोटांकडचं ते दूर, सगळं घडाघडा पाठ. समोरच्याचं उजवं ते आपलं डावं, हाही नियम त्याने घोकून ठेवला होता.

एके सकाळी राघू नावाडी पाठ धरून आला. मूत्रपिंडात खडा, आणि दुखणं हाताबाहेर गेलेलं. शहरातल्या शस्त्रवैद्याकडे पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिथे पोचताच भूल देत, आणि बाहेरून काही दिसत नसल्यामुळे वैद्याने दिलेल्या चिठ्ठीत लिहिलेली बाजूच उघडत. ती चुकली असती, तर राघू काही परत येणार नव्हता.

शिष्याने राघूला चटईवर पालथं निजवलं आणि पायथ्याशी बसून पाठ चाचपली. दुखरी जागा शिष्याच्या स्वतःच्या डाव्या हाताला आली. त्याने घोकलेला नियम लावला, 'उजवे मूत्रपिंड' असं लिहिलं आणि चिठ्ठी गुरूंना वाचून दाखवली. दारात गाडी जुंपून उभी होती.

गुरू धोतर सावरत उठले आणि राघूशेजारी चटईवर चक्क पालथे पडले. सत्तरी उलटलेला माणूस! राघू बिचारा संकोचून अंग चोरू लागला. शिष्याला तर कुठे बघावं कळेना. राघूची दुखरी जागा माझ्या पाठीवर दाखव, असं गुरूंनी सांगितलं. शिष्याने बोट टेकवलं, तसा गुरूंनी त्या बाजूचा हात वर केला. तो डावा हात होता.

शिष्याने हातातली चिठ्ठी पुन्हा वाचली.

"तुझा नियम खोटा नाही," गुरू पडल्या पडल्याच म्हणाले. "पण तो आपल्याकडे तोंड करून असलेल्या माणसाचा. हा पालथा आहे. म्हणून शास्त्र आधी माणसाला मनात सरळ उभा करायला सांगतं, तळवे पुढे केलेला. मग तो निजो की वाकून बसो, त्याचं डावं ते डावंच. तू कुठे बसला आहेस, याच्याशी त्याच्या देहाला काही कर्तव्य नाही. बाजू ज्याचा देह त्याची. ती लिहायची तर त्याच्या जागी जावं लागतं."

शिष्याने चिठ्ठी फाडली. नवी लिहिण्याआधी त्याने ओशाळून राघूला विचारलं, की मी चुकीचं वाचलं ते तुला कळलं नाही का.

"कळलं की," राघू म्हणाला. "पण मला वाटलं, शिकलेल्या लोकांत त्या बाजूला उजवं म्हणत असतील."

राघू बरा होऊन पुन्हा नाव वल्हवू लागला. तो शिष्य पुढे आमचा शिक्षक झाला. म्हातारपणीही रोग्याच्या उशाशी बसून ते आपली टिपणं त्याला वाचून दाखवत, आम्हा तरुणांना त्याचं हसू येई. मग "बरोबर आहे ना?" असं विचारून ते उत्तराची वाट पाहत थांबत.